डाग कसा वागतो?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात आमच्या घरात सगळ्यांना एक नवा शब्द पाठ झाला: ट्रिपल फेज. मामाच्या लिव्हरमध्ये सोनोग्राफीत सव्वादोन सेंटीमीटरचा डाग दिसला, मग ट्रिपल फेज सीटी झाला आणि त्यावरूनच डॉक्टरांनी सांगून टाकलं, कॅन्सर आहे. बायॉप्सी नाहीच!

यावरून नातेवाइकांचे जे फोन सुरू झाले... 'तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर कसा म्हणतात?' 'उगाच घाई करताहेत.' दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. म्हटलं, प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा मला जेवढं समजलं तेवढं इथेच लिहावं.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळतं. साधारण पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून आणि पाव हिस्सा धमनीतून. लिव्हरमध्येच सुरू झालेला कॅन्सर मात्र वाढता वाढता बहुतेक रक्त धमनीतूनच ओढायला लागतो. सगळी तपासणी या फरकावर बेतलेली आहे. हाताच्या शिरेतून आयोडीनचा डाय सोडतात. तो आधी धमनीतून पोचतो, त्यामुळे साधारण ३५व्या सेकंदाला गाठ उजळते आणि बाकीचं लिव्हर फिकं असतं. ७०व्या सेकंदाच्या सुमारास पोर्टल व्हेनमधून डाय येतो आणि अख्खं लिव्हर उजळतं. तोवर गाठीतला डाय ओसरू लागलेला असतो. आणखी दोन-तीन मिनिटांनी फोटो काढला की तीच गाठ काळपट दिसते. याला 'वॉशआउट' म्हणतात. एकाच फोटोत हे कळलं नसतं. डाग कसा वागतो, ते पाहावं लागतं.

सिरॉसिस किंवा जुना हेपटायटिस बी असलेल्या माणसाच्या लिव्हरमधली गाठ अशी वागली, तर दुसरं काही असण्याची शक्यता फारच कमी राहते. बायॉप्सीच्या सुईने रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडतात. मग तो धोका कशाला घ्यायचा? २००० साली बार्सिलोनात युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांनी सिरॉसिसच्या रुग्णांत असं निदान ग्राह्य धरलं. २०११मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने डागांना श्रेणी देण्याची पद्धत आणली, लाय-रॅड्स. मामाच्या रिपोर्टवर 'लाय-रॅड्स ५' लिहिलंय, म्हणजे निश्चित कॅन्सर. एरवी निरोगी असलेल्या लिव्हरला मात्र हा नियम लागू नाही. चित्र संदिग्ध असेल तर बायॉप्सी करावीच लागते.

दुसरा प्रश्न सगळ्यांनी जरा हळू आवाजात विचारला. 'पण तो तर कधी दारूला शिवला नाही!' खरंच नाही शिवला. त्याला हेपटायटिस बी आहे, आणि त्यातून सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तर डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली होती. 'मला काही होत नाहीये, कशाला हेलपाटे?' असं कुरकुरत का होईना, मामा जात राहिला. दुखलं तर काहीच नव्हतं. पण गाठ लहान असतानाच सापडली, म्हणून गेल्या महिन्यात ती जागच्या जागी जाळून टाकता आली. आता पुढचा सीटी. तोवर मामी रोज कॅलेंडरकडे बघते.

आता मुख्य मुद्दा. हेपटायटिस बी जन्माच्या वेळी आईकडून बाळाला होऊ शकतो. आजीची तपासणी कधी झालीच नव्हती, त्यामुळे तो मामाकडे कुठून आला हे आता कळणार नाही. पण मामाच्या सगळ्या भावंडांनी तपासून घ्यायला हवं. एचबीएसएजी नावाची साधी रक्ताची तपासणी असते. २०१८पासून सरकारी कार्यक्रमात ती आणि पुढचे उपचारही मोफत मिळतात. आईची झाली, निगेटिव्ह आली. थोरल्या मामाचीही झाली.

धाकटी मावशी, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. तुझी अजून व्हायची आहे. शनिवारी मी येतेय, बरोबर जाऊ.