कपाळावरची खूण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव आणि मध्ये दिवसभर गोटे. हीच गोटमार. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली आणि दोघे नदीतच अडकले, अशी दंतकथा. प्रशासनाने बंदोबस्त केला, रबरी चेंडूही देऊन पाहिले. २०२३ साली पांढुर्णा-सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, गोटमार तीच राहिली. दोन्ही काठांची माणसे म्हणतात, आमच्यात वैर नाही. वैर नसताना एवढे रक्त का, हे मुलांना सांगताना माझी भाषणे थकली.

म्हणून नाटकाकडे वळलो. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांच्या नाट्यप्रकारात प्रेक्षकाने मध्येच 'थांबा' म्हणायचे आणि पात्राची जागा घ्यायची. बंगालमध्ये १९८५ साली स्थापन झालेली 'जन संस्कृती' ही संस्था गावोगावी हेच करते आहे. दंडार पाहत वाढलेल्या आमच्या पोरांना पडद्याविना नाटक काही नवे नव्हते.

सावरगावच्या मुलांना पांढुर्ण्याचे केले, इकडच्यांना तिकडचे. शिपाई तेवढा हिंदीत दटावणार, बाकी सारे घरच्या बोलीत. गोटे कागदाचे. पहिल्याच तालमीत नववीतली एक मुलगी उठली, "थांबा! त्या पोरीले कोनी इचारलं काय?" आणि ती नदीच्या मधोमध जाऊन बसली. कागदाचे गोटे पोरांच्या हातातच राहिले.

मग कोणी म्हणाले, "जखमी पोराची माय सर होतीन." मी खाली बसलो. त्या पोराचे डोके मांडीवर घेतले. खालून बघत त्याने हळूच विचारले, "सर, कपाळावर हे कायची खूण?"

'सायकलवरून पडलो' हे उत्तर मी कितीतरी वर्षे देत आलो होतो. त्या दिवशी देववले नाही. सोळाव्या वर्षी मीही त्या नदीत उभा होतो. आईने जखमेत हळद भरली, एक शब्द बोलली नाही. मला लागलेला गोटा मी मोजला. मी मारलेले कोणाला लागले, ते कधी पाहिले नाही. मुलांना एवढेच सांगितले.

पुढच्या पोळ्यालाही गोटमार झाली. तालमीतला एक मुलगा कपाळाला पट्टी बांधून वर्गात आला. मी काही विचारले नाही. तोच मान खाली घालून म्हणाला, "सर, सायकलवरून नाही पडलो."