कुशावर्ताच्या पायरीवर

पौष वद्य दशमीची रात्र. निवृत्तिनाथांच्या यात्रेला आलेले वारकरी ओटीपासून माजघरापर्यंत पथाऱ्या टाकून बसलेले असतात. पिठल्याचं पातेलं उतरवून मी भाकरी थापायला घेते आणि मनात प्रभूची प्रार्थना सुरू होते. रोजच्या भाकरीच्या मागणीपाशी आले, की हात क्षणभर परातीतच थांबतो. देवळातल्या बाकावर ती मागणी मला जेवढी कळली नव्हती, तेवढी इथे कळते.

मी नगरच्या ख्रिस्ती घरातली, लग्न करून त्र्यंबकेश्वरी आले. रविवारी पहाटे स्वयंपाक उरकून उपासनेसाठी नाशिकची एसटी गाठते. लोक विचारतात, दोन्ही कसं सांभाळता? जणू एका पारड्यात प्रभू आणि दुसऱ्यात सासर. सुरुवातीला मलाही तसंच वाटे. सासूबाई तापाने फणफणल्या आणि रविवार चुकला, की मन खाई. अशा दिवसांत मला लक्ष्मीबाई टिळक आठवत.

ब्रह्मगिरीवरून उतरलेली गोदावरी नाशिककडे जाताना ज्या जलालपुराला भेटते, ते त्यांचं माहेर. जन्म १८६८ चा. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरातली मुलगी नारायण वामन टिळकांची बायको झाली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा मुलगा दत्तू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता.

नवऱ्यामागे जाणं हाच पत्नीधर्म, असं शिकवणाऱ्या त्या काळात लक्ष्मीबाई लगेच मागे गेल्या नाहीत. विरह सोसला. पुढे टिळकांकडे परतल्या, त्याही आपलं सोवळं बरोबर घेऊन. संसार त्यांनी पुन्हा जोडला, पण श्रद्धा उसनी घेतली नाही. माणसामाणसांतले भेद देवाने केलेले नाहीत, हे स्वतःला उमगलं तेव्हा सोवळं गळून पडलं, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं मला त्यांच्या श्रद्धेचीच वर्षं वाटतात. टिळकांवर प्रेम होतं म्हणून त्या परतल्या, आणि देवाशी खोटं बोलायचं नव्हतं म्हणून थांबल्या.

टिळकांचा हात सढळ, घरात पैसा टिकत नसे. दारी आलेल्या पोरक्या लेकरांना जेवू घालायचं ते लक्ष्मीबाईंनी. १९१९ साली टिळक गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ काव्य पूर्ण केलं ते लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या याच बाईने. चूल आणि ओवी एकाच हाताने सांभाळली. त्यांच्यामुळे मला कळलं, की घरातलं काम प्रार्थनेतून वजा होत नाही. आजाऱ्याच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणं हीसुद्धा उपासनाच. मात्र घरात शांतता राहावी म्हणून माझा प्रभू मी लपवायचा नाही, आणि माझा आहे म्हणून तो कुणावर लादायचाही नाही.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. वारकऱ्यांचा हरिपाठ रात्री ऐकताना तो पूल मला आमच्या ओटीवर दिसतो.

एकादशीच्या पहाटे सासूबाईंना घेऊन कुशावर्तावर जाते. त्या पाण्यात उतरतात, मी कोरडं लुगडं धरून पायरीवर उभी राहते. मी बुडी घेत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी कधी आग्रह केला नाही. यंदा वर येताना त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला. गार पाणी माझ्या पदरात झिरपलं.

“रविवारी नाशिकला जाशील ना?” त्यांनी विचारलं.

“जाईन, आई.”

“मग माझ्या गुडघ्यांचंही सांग तिथे.”

मी त्यांच्या ओल्या केसांवर पंचा टाकला आणि तिथेच, पायरीवर उभी राहून, सांगायला सुरुवात केली.