एक काडतूस कमी

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या अमरावतीच्या बाजारात टिकल्यांची पिस्तुले टांगलेली दिसू लागतात. गेल्या दिवाळीत माझा सात वर्षांचा नातू अशाच एका दुकानापुढे अडून बसला. हे हलके आहे, त्याचा घोडा घट्ट आहे, ते खिशात मावत नाही, असे त्याचे चालले होते. अर्धा तास झाला तरी पसंती होईना. मला मात्र त्याच्यावर रागावता येईना, कारण त्या दिवसांत मीही त्याच उद्योगात होतो. फरक एवढाच, की मी निवडत होतो ते पिस्तूल खरे होते.

माझ्यासारखा पेन्शनीत निघालेला शाळामास्तर या फंदात कसा पडला, ते सांगतो. २०२३ साली अकोल्याला माझे वडील वारले. त्र्याण्णव वर्षांचे होते. त्यांच्या कपाटात धोतराच्या घडीखाली एक रिव्हॉल्व्हर होते. वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, बर्मिंगहॅमचे, .३२ बोअरचे. घरात ते आहे हे आम्हां सर्वांना ठाऊक होते आणि त्याच्याविषयी कोणी बोलत नसे. परवानाधारक वारला की हत्यार पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्याप्रमाणे मी ते ठाण्यात जमा केले. वारसाला पुढे स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, हेही तेव्हा कळले.

नेमक्या त्याच सुमारास अमरावतीला आमच्या गल्लीत दोन घरे फुटली. घरात आम्ही दोघेच म्हातारे. मुलगा ह्यूस्टनला, मुलगी पुण्याला. रात्री पत्र्यावर मांजर उडी मारी आणि मी उठून बसे. भीती ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. दिवसा तिची लाज वाटते आणि रात्री तिचाच शब्द शेवटचा असतो. मी परवान्याच्या चौकशीला लागलो.

अभ्यासाची सवय असल्यामुळे आधी मापे समजून घेतली. दुनळी बंदुकीला आपण बाराबोअर म्हणतो, तो बारा आकडा कुठला? नळीच्या मापाचे शिशाचे गोळे एका पौंडात बारा बसतात, म्हणून बारा. पिस्तुलाचा हिशेब वेगळा. इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले ३२ भाग म्हणजे .३२, साधारण आठ मिलिमीटर. त्या रिव्हॉल्व्हरची शिशाची गोळी सहा ग्रॅमच्या थोडी वर भरते. सोनाराच्या भाषेत बोलायचे तर अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त. एवढ्याशा वजनावर माणसाचा जीव तोलला जातो, हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

मुलाला फोनवर विचारले, तर तो पटकन म्हणाला, "बाबा, नऊ मिलिमीटर घ्या." टेक्सासात २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्यावाचून पिस्तूल कमरेला लावून हिंडता येते. तिथे लग्नकार्याच्या पंगतीतही बोअरवर वाद रंगतात म्हणे. एक म्हणतो .४५ मोठी, एका गोळीत काम. दुसरा म्हणतो नऊ मिलिमीटरचा धक्का कमी, नेम टिकतो, गोळ्याही जास्त मावतात. अमेरिकेच्या फौजेलाही हा प्रश्न सुटायला वेळ लागला. १९११ साली तिने .४५ चे पिस्तूल घेतले आणि १९८५ साली नऊ मिलिमीटरचे पत्करले. मी मुलाला म्हटले, "अरे, आपल्याकडे हा वाद सरकारने आधीच मिटवून टाकला आहे. नऊ मिलिमीटर, .३८, .४५ ही फौजेची आणि पोलिसांची मापे. तुझ्या बापाच्या वाट्याला .३२."

त्या .३२ मध्येही निवड उरतेच. कानपूरच्या सरकारी कारखान्यात या मापाची रिव्हॉल्व्हरे होतात. दिल्लीच्या त्या दुर्दैवी मुलीच्या आठवणीने २०१४ साली 'निर्भीक' नावाचे, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून काढले. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. म्हणजे ज्या बाईला भीती जास्त, तिला ते परवडणे कठीण.

एका जुन्या विक्रेत्याकडे गेलो. त्याने एक रिकामे रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिले आणि चाप ओढायला सांगितले. माझी सांधे धरलेली बोटे पाहून म्हणाला, "पिस्तुलाची खीळ काढा, सरक मागे ओढा, हे तुमच्यानं अर्ध्या झोपेत व्हायचं नाही. रिव्हॉल्व्हर साधं. पण मास्तर, मले एक सांगा, रात्री दोन वाजता ते असंन कुठं? उशाखाली ठेवान तर नातवाच्या हाती लागंन. कुलपात ठेवान तर किल्ली शोधेपर्यंत चोर चहा पिऊन जाईन." मी म्हटले, "मग लोक घेतात कशाला?" तो म्हणाला, "ज्याले रोज रोकड न्या लागते तो घेते. ज्याच्या वावरात डुकरं शिरतात तो ठासणीची घेते. बाकीचे झोप येत नाही म्हून घेतात."

बाबांनी रोकडीसाठीच घेतले होते. १९५९ चा शस्त्रकायदा १९६२ च्या ऑक्टोबरात लागू झाला आणि इंग्रजांचा १८७८ चा कायदा गेला. त्यानंतरच्या वर्षी बाबांना परवाना मिळाला. अकोल्याच्या कापूसबाजारात त्यांची अडत होती. शेतकऱ्यांनी सीतादही करून वेचणीला हात घातला की हंगाम सुरू होई आणि चुकाऱ्याची रोकड कापडी पिशवीतून घरी येई. कोटाच्या आत, डाव्या काखेखाली चामड्याचे म्यान. वरून कोणाला संशय येऊ नये म्हणून कोट मुद्दाम ढगळ शिवलेला. आई म्हणे, "हा कोट म्हणजे कणगी हाय." पुढे १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी आली, अडत बसली, पिशवी रिकामी झाली. रिव्हॉल्व्हर मात्र राहिले. ते विकण्याचा विषय काढला की बाबा उठून जात.

हत्यार जमा करताना त्याबरोबरची काडतुसेही मोजली गेली. पंचवीस घेतल्याची नोंद होती, डब्यात चोवीस निघाली. बाबांच्या वहीत त्यांच्याच रेखीव अक्षरांत लिहिले होते, "सरावात खर्च १." मी ते वाचले आणि थबकलो. बाबांनी कधी सराव केल्याचे मला आठवत नव्हते. आणि सराव करणारा माणूस एकच गोळी झाडून थांबतो का?

दिवाळीला आम्ही सगळे बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेलो. आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे, धाकट्या भावाकडे असते. वसुबारसेच्या संध्याकाळी ती मागच्या दाराशी पणती ठेवत होती. पणती ठेवून तिने नेहमीप्रमाणे चौकटीच्या उजव्या अंगाला, खांद्याएवढ्या उंचीवर, कुंकवाचे बोट लावले. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो आणि हा आमच्या घरचा कुळाचार आहे असे समजत होतो. मी तिला त्या एका काडतुसाविषयी विचारले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सदुसष्ट सालची वसुबारस. घरात चुकाऱ्याचे पैसे होते. तुह्या बावाचा डोळा लागला होता. मागच्या भिंतीवरून कोनीतरी उडी मारली. हे उठले. मी कंदील लावतो म्हनेपर्यंत दाराची कडी वाजली, दार लोटल्या गेलं अन् आवाज झाला." तिने चौकटीकडे बोट दाखवले. "तुहा काका होता. बडनेऱ्याहून रातच्या गाडीनं आला, पोरं उठतीन म्हून मागून आला. 'वयनी, मी व्हय' म्हनाला, पन आवाजाच्या नंतर."

मला ती रात्र आठवली. मी दहा वर्षांचा होतो. आवाजाने जागा झालो, तेव्हा आईने सांगितले होते, "गल्लीत पोरं फटाके उडवतात, झोप." आणि मी खुशाल झोपलो होतो.

तेलरंगाच्या थरांखाली मी नखाने कोरून पाहिले. लाखेने बुजवलेले एक भोक होते. त्यात पेन्सिलीचे टोक बसले. काका तेव्हा चोवीस वर्षांचा. त्याच्या खांद्यापासून ते भोक चार बोटांवर असेल.

मग माझ्या लक्षात आले, की गेले सहा महिने मी बोअर, वजन, चाप, किंमत अशा सगळ्या गोष्टी तपासल्या, पण अंधारात मागच्या दाराने येणारा माणूस कोण असेल, याचा विचार केलाच नव्हता. माझ्या घरी रात्री-अपरात्री कोण येते? पुण्याची गाडी उशिरा आली की मुलगी. दूधवाला. शेजारचा मुलगा, त्याच्या आजीला दम लागला की. चोर अजून एकदाही आलेला नाही. बाबा भित्रे नव्हते. त्यांचा नेम चुकला म्हणून आमचे घर वाचले, आणि तो चुकलेला नेम त्यांनी छप्पन वर्षे धोतराच्या घडीखाली जपून ठेवला.

परत आल्यावर मी अर्ज मागे घेतला. बाबांचे रिव्हॉल्व्हर रीतसर त्या विक्रेत्याच्या स्वाधीन केले, एखाद्या गरजू परवानाधारकाला देण्यासाठी. खिडक्यांना जाळ्या बसवल्या, अंगणात रात्रभर दिवा ठेवला, शेजाऱ्यांशी फोनची वेळ ठरवली. भीती गेली असे म्हणणार नाही. पत्र्यावर मांजर उडी मारली की अजून उठून बसतो. पण आता आधी दिवा लावतो आणि मोठ्याने विचारतो, "कोण आहे?"

त्या दिवाळीची एक गोष्ट सांगायची राहिली. काका आता एक्याऐंशीचा आहे आणि अजूनही मागच्याच दाराने येतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कडी वाजली. माझा नातू नवे पिस्तूल रोखून दाराआड उभा राहिला आणि पणजीने शिकवल्याप्रमाणे ओरडला, "कोन व्हय?"

"मी व्हय रे बावा!" बाहेरून काका म्हणाला आणि दोन्ही हात वर करून आत आला. सगळे हसले. आई हसली नाही. तिने पोराच्या हातातून पिस्तूल घेतले, त्यातली टिकल्यांची गुंडाळी काढून कनवटीला लावली, आणि मग ते त्याला परत दिले.