श्वासाची पेटी घेऊन लक्षद्वीपला

बालमित्रांनो, बोटीच्या प्रवासाला निघताना तुम्ही पिशवीत काय काय भराल? टोपी, दुर्बीण, पोहायचे कपडे आणि भरपूर खाऊ, हो ना? आम्ही मुंबईहून लक्षद्वीपच्या बोटीवर निघालो, तेव्हा आमच्या सामानात या सगळ्याबरोबर आणखी एक वस्तू होती. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, तिला जोडलेली सहा फूट लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. ही पेटी माझ्या वडिलांची, म्हणजे आमच्या मुलांच्या अण्णाआजोबांची.

आता ही पेटी करते तरी काय? सांगतो. झोपल्यावर आपले स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात, की श्वासाची वाटच मिटते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ! रक्तातला प्राणवायू कमी होऊ लागला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. माणूस अर्धवट जागा होतो, घुर्रकन मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. असं तासाला कितीतरी वेळा होतं आणि सकाळी त्याला यातलं काही आठवतही नाही. या विकाराला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि दिवसभर पेंग येते. आमचे अण्णा तर गोष्ट सांगता सांगता मध्येच झोपून जायचे. अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी पोचायचा आणि अण्णांचा डोळा लागायचा! मुलं हसायची. आपल्या आजोबांना रात्रीची झोप मिळतच नाही, हे त्यांना काय ठाऊक!

अण्णांची पेटी खोलीतलीच हवा आत ओढते आणि थोड्या दाबाने नाकात सोडते. त्या हवेमुळे घशाची वाट उघडी राहते. हा दाब किती असतो, ते पाहायचंय? उंच पेल्यात दहा सेंटिमीटर पाणी घ्या, नळी तळापर्यंत बुडवा आणि हळूच फुंका. बुडबुडे निघायला जेवढा जोर लागतो, साधारण तेवढाच! कुणाला याहून कमी लागतो, कुणाला जास्त. तो डॉक्टर तपासणी करून ठरवतात. या यंत्राला 'सीपॅप' म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली ही युक्ती पहिल्यांदा वापरली. हवा फुंकायला त्यांनी काय घेतलं असेल? केर ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर! १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव मांडला. त्याआधी फार त्रास असलेल्या रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करावी लागे.

पेटी आल्यापासून अण्णांची पेंग गेली होती. पण बोटीचं नाव काढताच ते म्हणाले, "एका केबिनमध्ये आपण चौघं. त्यात मी नाकाला सोंड लावून झोपणार? तुम्ही जा. मी घर सांभाळतो." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नाहीतर त्या चार रात्री पेटीशिवाय काढीन. पूर्वी झोपतच होतो की!"

आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "छे, छे! हे काही पाच दिवसांचं औषध नाही, संपलं की झालं. हे चष्म्यासारखं आहे. काढलात की पुन्हा पहिल्यासारखं. जिथे झोपाल तिथे पेटी हवीच."

मग सातवीतली आमची कन्या पुढे झाली. तिच्या दातांना तारा लावल्या आहेत. ती म्हणाली, "अण्णा, मी तारा लावून रोज पन्नास मुलांच्या वर्गात बसते. तुम्हाला तर फक्त अंधारात सोंड लावायचीय, आणि बघणार कोण, तर आम्हीच!" अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी बघतो तो पेटीची पिशवी झटकून दाराशी ठेवलेली!

मग तयारी सुरू झाली. लक्षद्वीपला आपल्याच देशात जायचं असलं तरी परवाना लागतो. तो मिळाला. पेटीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. बोटवाल्यांना आधीच दोन गोष्टी कळवल्या. एक म्हणजे, वीज उशाजवळ हवी. बोटीच्या केबिनमध्ये प्लग बहुधा आरशाच्या टेबलापाशी असतो. आपला स्पाइक गार्ड न्यायची मात्र सोय नाही. बोटीवरची वीजजोडणी घरासारखी जमिनीला जोडलेली नसते, त्यामुळे घरासाठी केलेला स्पाइक गार्ड तिथे तापून पेट घेऊ शकतो. आणि भर समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची? म्हणून बोटीवरचीच लांब वायर मागून घेतली.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. पेटीत पाण्याची छोटी टाकी असते. नाक-घसा कोरडा पडू नये म्हणून तिथे हवा ओलसर होते. साधं पाणी घातलं, तर गीझरमध्ये साचतो तसा पांढरा थर साचतो.

निघायच्या दिवशी बॅलार्ड पिअरला पोचलो. मोठ्या बॅगा तिथे आपल्याकडून घेतात आणि केबिनमध्ये येईपर्यंत कधी कधी रात्र होते. म्हणून पेटी अण्णांच्याच खांद्यावर होती, टाकी रिकामी करून. तपासणीच्या पडद्यावर ती दिसताच शिपायाने विचारलं, "हे काय आहे, काका?" अण्णांनी चिठ्ठी पुढे केली. तो हसून म्हणाला, "माझ्या सासऱ्यांकडेपण आहे. जा तुम्ही." अण्णांचा निम्मा संकोच तिथेच गेला!

बोट सुटण्याआधी सगळ्यांची कवायत झाली. संकटात कुठे जमायचं आणि जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, ते शिकवलं. मग दोर सुटले. गेटवे ऑफ इंडिया हळूहळू आगपेटीएवढा झाला, कुलाबा मागे पडला आणि अंधारात डाव्या हाताला एक दिवा लुकलुकू लागला.

"खांदेरी!" अण्णा म्हणाले. आणि डेकच्या कठड्याला टेकून त्यांनी गोष्ट सुरू केली. १६७९ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचं धाबं कसं दणाणलं, त्यांची गलबतं आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार कसं चालून आलं, आणि तरी काम कसं थांबलं नाही! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आपले मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात ही खांदेरीपण आहे. वारा भणाणत होता, रात्रीचे नऊ वाजले होते. अण्णांनी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. एकदासुद्धा डुलकी नाही!

केबिनमध्ये पेटी ठेवायची कुठे? बोट डुलणार, टाकीतलं पाणी हिंदकळणार. ते नळीतून नाकाकडे यायला नको, म्हणून पेटी उशीच्या पातळीपेक्षा खाली, पलंगाशेजारच्या बुटक्या सपाट मेजावर ठेवली. टाकीही निम्मीच भरली. पेटी १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठल्याही विजेवर चालते, त्यामुळे ती चिंता नव्हती. दिवा मालवला. अण्णांनी मास्क लावला. थोड्या वेळाने धाकटा अंधारात कुजबुजला, "बाबा, अण्णांचा आवाज समुद्रासारखाच येतोय." खरंच! बाहेर लाटांचं सळसळणं आणि आत पेटीची मंद फुंकर. घोरणं नाही, दचकणं नाही. मुलं कधी झोपली, कळलंसुद्धा नाही.

दुसरा दिवस नुसता पाण्याचा. मुंबईपासून अगत्ती बेट सुमारे ९०० किलोमीटर, सरळ दक्षिणेला. केबिनची व्यवस्था पाहणारा पोरगा डिस्टिल्ड पाण्याची बाटली घेऊन आला, तेव्हा कन्येने त्याला विचारलं, "बोटीवर तर समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करतात ना? मग तेच का नाही चालत?" तो म्हणाला, "करतो ना! पण पिण्यासाठी त्यात क्षार आणि क्लोरीन घालावं लागतं. आजोबांच्या मशीनला ते नको."

तिसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, तर अण्णांचा पलंग रिकामा! डेकवर गेलो. अण्णा सगळ्यांच्या आधी उठून कठड्याशी उभे. समोर नारळींची एक लांबलचक हिरवी रेघ आणि तिच्याभोवती मोरपंखी पाणी.

लक्षद्वीपची बेटं प्रवाळांची, म्हणजे चिमुकल्या समुद्री प्राण्यांनी हजारो वर्षं रचलेली. सगळी मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर आणि वस्ती दहाच बेटांवर. बेटाजवळ प्रवाळांचा बांध असतो. लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतलं उथळ पाणी शांत राहतं. त्याला लगून म्हणतात. मोठी बोट तिथे शिरू शकत नाही. ती बाहेर उभी राहते आणि हेलकावणाऱ्या छोट्या होडीत उतरावं लागतं. त्यासाठी पाय भक्कम हवेत आणि डोकं ताजंतवानं. खलाशाने हात पुढे केला, लाट वर आली आणि अण्णांनी नेमक्या क्षणी पाय टाकला. धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

दिवसभर अण्णा गुडघाभर पाण्यात उभे राहून निळे-पिवळे मासे बघत होते. कोळ्यांनी आणलेला टुना मासा बघितला, मल्याळी बोलणाऱ्या एका म्हाताऱ्याशी खाणाखुणांनी गप्पा मारल्या. रात्री बोटीवर परतल्यावर मुलांनी न सांगताच टाकीत पाणी भरलं, नळी जोडली आणि हाक मारली, "अण्णा, सोंड तयार आहे!"

दोस्तांनो, तुमच्या घरी कुणी मोठ्याने घोरतं का? घोरता घोरता मध्येच एकदम शांत होतं आणि मग गुदमरल्यासारखा श्वास घेतं का? तर त्यांची नक्कल करून हसू नका. तुम्ही काय ऐकलंत ते आई-बाबांना सांगा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्यायला लावा. घरी अशी पेटी आधीच असेल, तर पुढच्या सहलीच्या यादीत टूथब्रशच्या खाली तिचंही नाव लिहा. आमच्या घरी पुढच्या प्रवासाची यादी तयार आहे. अण्णांनीच केलीय, आणि पहिलं नाव पेटीचं आहे!