उतारा

‘उतारा’ हा शब्द आपल्याला प्रश्नपत्रिकेमुळे परिचयाचा आहे. सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा हे प्रयोगही आपण ऐकतो. माणसावरून ओवाळून तिठ्यावर नेऊन ठेवतात, तोही उताराच. मी वटारला राहतो. वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्याला जिथे फाटे फुटतात, तिथे अमावास्येनंतरच्या सकाळी कधी भात, लिंबू, गुलाल दिसतो. कॉलेजला निघालेली मुले मोबाइलवरची नजर न हलवता नेमकी तेवढी जागा टाळून पुढे जातात. शब्दाचा अर्थ त्यांच्या पावलांना ठाऊक असतो.

मृतांना उठवून बोलते करणारा मांत्रिकच महानगरात गुन्ह्यांचा छडा लावतो, अशा कादंबरीमालिका आज इंग्रजीत आवडीने वाचल्या जातात. त्या मांत्रिकाच्या इंग्रजी नावाचे मूळ ग्रीक आहे: ‘नेक्रोस’ म्हणजे प्रेत आणि ‘मान्तेइआ’ म्हणजे भविष्यकथन. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही. माणूस मात्र आपल्या ओळखीचा आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त वेताळकथा आहेत. राजाकरवी स्मशानातून प्रेत आणवणारा त्यांतील कपटी भिक्षू हा या मांत्रिकाचा पूर्वजच म्हणावा लागेल.

आधुनिक मराठीत या जातीची मालिका शोधू लागलो, तर नारायण धारप (1925–2008) यांच्या ‘समर्थ’ कथांपाशी थांबावे लागते. इथे मांत्रिक नायक नाही. अमानवी शक्तींशी झुंजणारे समर्थ नायक आहेत आणि अप्पा जोशी त्यांचे सहायक. नावांची ही जोडी पाहा. एक नाव थेट रामदासांची आठवण देणारे, तर दुसरे कोणत्याही बिऱ्हाडाच्या दारावरील पाटीवर शोभणारे. भयकथा म्हणजे काळ्याकुट्ट विशेषणांची रास, असा ज्यांचा समज आहे त्यांनी धारपांचे गद्य अवश्य तपासावे. वाक्ये साधी, पांढरपेशा घरातील बोलण्याच्या वळणाची. वाचकाचा विश्वास बसतो तो अशा वाक्यांवर, आणि एकदा तो बसला की पुढचे अशक्यही तो निमूट स्वीकारतो. समीक्षेने धारपांना दीर्घकाळ वाचनालयाच्या कपाटातच ठेवले, हे मला अन्यायाचे वाटते.

एका संपर्क सत्रात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आमच्याकडे येणारा भगत खोटा आहे हे मला कळतं. मग समर्थ खरे का वाटतात?” तिच्या आजीला पावसाळ्यात वाडीत साप चावला होता. आधी भगताला बोलावणे गेले, मग रिक्षाला. आजी वाचली, पण दोन बोटे गेली. वर्गात कुणी हसले नाही.

कथेत मंत्र लागू पडतो, कारण तो लागू पडेल अशीच तेथील सृष्टी लेखकाने रचलेली असते, असे मी म्हणालो. उत्तर बरोबर होते, तरी तोकडे होते. तो मंत्र आपल्या कानांना ओळखीचा वाटावा, याची तजवीज भाषेने लेखकाच्या कितीतरी आधी केलेली असते. व्याख्यान ऐकून आपण ‘भारावतो’, छंदाने ‘झपाटतो’. ‘लागीर’ म्हणजे भूतबाधा. एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेने तोच शब्द प्रेमासाठी शीर्षकात घेतला. भूत गेले, शब्द राहिला.

कायद्याचीही यातून सुटका नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्याचे पूर्ण नाव लांबलचक असून त्यात ‘समूळ उच्चाटन’ हे शब्द येतात. मारण, स्तंभन, वशीकरण यांच्या रांगेतील ‘उच्चाटन’ हे तंत्रग्रंथांतील षट्कर्मांपैकी एक! जादूटोणा घालवायला निघालेल्या मसुदाकाराच्या हाताशी मांत्रिकाचाच शब्द आला.

पुढच्या सत्रात त्या विद्यार्थिनीने घरात ऐकलेल्या शब्दांची यादी आणली: करणी, मूठ, बाहेरची बाधा, अंगात येणे, नजर. समोर अर्थ लिहिले होते. ‘उतारा’पुढे तिने दोन अर्थ लिहिले होते आणि दुसऱ्यापुढे कंसात नोंद केली होती: सरकारी दवाखान्यात मिळतो.