परळचा मुक्काम आणि एक कागद

सोलापूरहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी दादर येते. मुंबई पाहायला आलेला माणूस येथून समुद्राची वाट विचारतो. आम्ही परळची विचारली. बरोबर माझे थोरले बंधू होते. तीस वर्षे गालात तंबाखूची गोळी धरलेली. त्याच जागी न भरणारी जखम झाली होती.

दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत वळकटी ठेवून आम्ही टाटा रुग्णालय गाठले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटांच्या विश्वस्त निधीतून उघडले आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. समोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. ते याच रुग्णालयातले नामवंत शल्यविशारद. पदपथावर डबे, पिशव्या आणि एक्स-रेची पाकिटे सांभाळत माणसे बसलेली असतात. कोणी बंगालचा, कोणी बिहारचा, कोणी आपल्याच जळगावचा. बोली वेगळ्या, पण काळजी एकच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दादांपुढे मराठीत छापलेला एक कागद ठेवला. नेहमीच्या उपचाराला आणखी एक औषध जोडले तर गुण जास्त येतो का, याची चाचणी चालू होती. कोणाला जोड औषध आणि कोणाला फक्त नेहमीचा उपचार, हे चिठ्ठी टाकावी तसे संगणक ठरवणार होता. डॉक्टर म्हणाले, "घाई नाही. वाचा, घरी बोला, मग सांगा."

दादा बाहेर येऊन म्हणाले, "म्हणजे आपल्यावर प्रयोग?"

मी विस्तार अधिकारी. लोकांच्या रानात चाचणीचे वाफे पाडण्यात माझा जन्म गेला. मी त्यांना समजावू लागलो. नवे वाण चांगल्या जमिनीत आणि जुने खडकाळ जागी पेरले, तर निकाल खोटा येतो. म्हणून कोणत्या वाफ्यात काय पेरायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. ही रीत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडातील रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजवली. ते तेथे १९१९ साली रुजू झाले होते. पुढे ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याच रीतीने झाली आणि तिचा निकाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. शेतातली रीत दवाखान्यात गेली ती अशी.

टाटामधलेच एक उदाहरणही सांगितले. तोंडाच्या कर्करोगात मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की गाठ आल्यावर? दोन्ही पद्धती चालू होत्या. २००४ ते २०१४ या काळात चिठ्ठी पद्धतीने चाचणी झाली. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरात ८० जण हयात होते. वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण साडेसदुसष्ट होते. ते रुग्ण तयार झाले म्हणूनच हे कळले.

दादांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ज्याची वाट पाहण्याची चिठ्ठी निघाली, त्याचं काय? आणि तुझा वाफा कधी मला घरी जायचंय म्हणतो का?"

मला उत्तर सुचले नाही. चाचणी घेतात तीच मुळी निकाल ठाऊक नसतो म्हणून. नवे औषध सरस ठरेल, निरुपयोगी ठरेल किंवा त्रासही वाढवील.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रश्न लिहून नेले. चाचणीत नाही आलो तर कोणता उपचार मिळेल? चिठ्ठी उलट निघाली तर? कर्करोगाच्या चाचणीत अशा रुग्णालाही बहुधा नेहमीचा उपचार मिळतोच, पण ते विचारून घ्यावे. जास्तीचा त्रास कोणता? फेऱ्या किती, तपासण्यांचा आणि प्रवासाचा खर्च कोणाचा? अपाय झाला तर? नव्या औषधाच्या चाचणीमुळे अपाय झाल्यास औषधोपचार आणि भरपाई मिळावी, अशी तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. नीतिसमितीची मंजुरी आहे का आणि सी.टी.आर.आय. या सरकारी नोंदवहीत चाचणीची नोंद आहे का, हेही विचारता येते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर कागद वाचून घ्यावा, मगच अंगठा द्यावा. अंगठा दिल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते.

जास्तीच्या सहा फेऱ्या निघाल्या. दादांनी बोटांवर महिने मोजले. सोयाबीनची काढणी, ज्वारीची पेरणी, घरी वहिनी एकटी. ते म्हणाले, "नेहमीचाच उपचार द्या, साहेब." डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि शस्त्रक्रियेची तारीख लिहून दिली. बोलण्यात कसलाही फरक पडला नाही.

खरे सांगतो, दादांनी हो म्हणावे असे मला वाटत होते. धर्मशाळेत शेजारी उतरलेल्या जळगावच्या गृहस्थांनी तशाच एका कागदावर सही केली. "पोरगं इथंच नोकरीला आहे, फेऱ्यांचं काय मोठं?" असे ते म्हणाले. दोघांनी आपापले रान पाहून पेरणी केली. त्यात चूक कोणाची काढायची?

तेव्हा वाचकहो, असा कागद कधी तुमच्या घरच्या माणसापुढे आला, तर भिऊन पळू नका आणि भिडेखातर सहीही करू नका. एक रात्र मागून घ्या. प्रश्न लिहून न्या. आणि शेवटचा शब्द ज्याच्या अंगावर सुई टोचायची आहे, त्यालाच बोलू द्या. मी तेवढे शिकून परळहून परतलो.