बोलोन्यातले नव्वद दिवस

इटलीत राहतो असे सांगितले की गावाकडची माणसे व्हेनिसच्या होड्यांबद्दल नाहीतर पिसाच्या कललेल्या मनोऱ्याबद्दल विचारतात. आमचे बोलोन्या शहर उत्तर इटलीत आहे आणि तिथे समुद्र नाही. कललेला मनोरा मात्र आहे, तोही एक सोडून दोन, पण आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते. इथले विद्यापीठ १०८८ सालचे मानले जाते आणि युरोपातले सर्वांत जुने म्हणून ओळखले जाते. आम्हाला या शहराने आपलेसे केले ते मात्र त्याच्या पडव्यांनी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे वरचे मजले पुढे आलेले आणि त्यांच्या खाली खांबांच्या ओळींतून जाणारी सावलीची वाट. इथे तिला 'पोर्तिको' म्हणतात. साऱ्या शहरातल्या मिळून त्यांची लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले. जागा घरमालकाची, डागडुजी त्याने करायची, पण चालायला ती सर्वांना खुली, असा नियम इथे तेराव्या शतकापासून चालत आला आहे. कोकणातल्या घराची पडवी शेजाऱ्याच्या पडवीला जोडत जोडत अख्ख्या गावाला वळसा घालून आली, तर जसे दिसेल तसे हे शहर दिसते. पाऊस असो की ऊन, छत्री न उघडता बाजार करून घरी येता येते.

आमचे रोजचे आयुष्य इतर कोणत्याही नोकरदार कुटुंबासारखेच आहे. सकाळी सातची धावपळ, पाच वर्षांच्या मुलीला बालशाळेत सोडणे, दोघांची नोकरी, साडेचारला शाळेच्या दारात हजर होणे. दुकानात शिरताना 'बुओनजोर्नो' म्हटल्याशिवाय पुढचे बोलणे सुरू होत नाही, हे इथे पहिल्या आठवड्यातच कळते. खाण्यापिण्यात काळजी घ्यावी लागते. या भागाचा मोर्तादेल्ला डुकराच्या मांसाचा, तोर्तेल्लिनीच्या सारणातही तेच आणि साधी दिसणारी पियादिना नावाची पोळीसुद्धा पुष्कळदा डुकराच्या चरबीत मळलेली असते. त्या चरबीला इथे 'स्त्रुत्तो' म्हणतात. पाकिटावर हा एक शब्द वाचता आला की निम्मे काम होते. तेलात मळलेली पियादिनाही मिळते. हलाल मांसाची दुकाने स्टेशनच्या पलीकडच्या बोलोन्यीना वस्तीत आहेत. मुलीच्या शाळेच्या जेवणातून डुकराचे मांस वगळण्यासाठी एक अर्ज भरला, तेवढ्यावर काम झाले.

उणीव होती ती माणसांची. म्हणून गेल्या वर्षी अब्बा आणि अम्मा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून येणार असे ठरले, तेव्हा महिना आम्ही विचार करून निवडला. ऑगस्टात हे शहर रिकामे होते. १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो त्याच दिवशी इथे 'फेर्रागोस्तो'चा सण असतो आणि दुकानांच्या दारांवर सुट्टीच्या पाट्या लटकतात. सप्टेंबरच्या मध्याला मोठ्या मुलांच्या शाळा सुरू होतात, हवा उतरते आणि शहर पुन्हा नांदते होते. आम्हाला त्यांना नांदते शहर दाखवायचे होते.

पाहुणा म्हणून येणाऱ्याला शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरतात. आमचे निमंत्रणपत्र, घराच्या भाडेकराराची प्रत आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा जोडून मुंबईत अर्ज केला. ज्यांचे आईवडील येणार असतील त्यांच्यासाठी आणखी काही गोष्टी सांगतो. रोजची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी आणावीत आणि चिठ्ठीवर गोळीच्या कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानात घालू नयेत, युरोपात ते आणू देत नाहीत. आणि पाहुणे घरी उतरल्यापासून ४८ तासांच्या आत यजमानाने पोलिसांना लेखी कळवायचे असते, ते विसरू नये.

१४ सप्टेंबरला ते दोघे उतरले. नव्वदावा दिवस १२ डिसेंबर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अम्मांनी त्या तारखेवर पेनाने छोटी खूण केली आणि पान पुन्हा सप्टेंबरवर आणून ठेवले. कोणी काही बोलले नाही, कारण दिवस मोजणे आमच्या घराला नवे नाही. अब्बांची बावीस वर्षे कुवेतमध्ये क्रेन चालवण्यात गेली. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा मिळे. त्या साठ दिवसांची खूणही अशीच कॅलेंडरवर असायची आणि ती करणाऱ्या अम्माच असायच्या.

त्यामुळेच असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी अब्बा म्हणाले, "मला काम सांगा. रजेवर घरी यायचो तेव्हा सगळे मला पाहुण्यासारखे बसवून ठेवायचे. कोंबडी कापायचे, गादी घालायचे. घरात काय चाललंय ते कळेपर्यंत परत जायची वेळ व्हायची. इथे तसे नको."

अम्मांचे म्हणणे वेगळ्या शब्दांत तेच होते. मनोरे, चर्च, कारंजी त्यांनी मान हलवून पाहिली. त्यांना खरा आनंद दिला तो इथल्या न्हाणीघराने. १९७५ सालच्या सरकारी आदेशाप्रमाणे इटलीतल्या प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिदे, म्हणजे पाण्याने स्वच्छ होण्याची सोय, असावीच लागते. परदेशात तहारतचे कसे होणार ही त्यांची घरून निघतानाची सर्वांत मोठी काळजी होती, ती पाच मिनिटांत मिटली.

कामे वाटून घेतली. अम्मांकडे स्वयंपाकघर. सुपरमार्केटमध्ये भाजीला उघडा हात लावायचा नाही, प्लास्टिकचा हातमोजा घालून उचलायची आणि स्वतः वजन करून चिठ्ठी चिकटवायची, हे त्यांना पटेना. टोक मोडून बघितल्याशिवाय भेंडी कोवळी की जून हे कळणार कसे? मग बोलोन्यीनातल्या बांगलादेशी दुकानात त्यांचे जाणे सुरू झाले. तिथे भेंडी होती, नारळ होता आणि टोक मोडायला कोणाची हरकत नव्हती. मासळीबाजारात बांगडा 'स्गोम्ब्रो' या नावाने भेटला, तारली 'सार्दिना' म्हणून. इथल्या तांदळाच्या पिठाची भाकरी थापताना पहिल्या दोन मोडल्या, तिसरी जमली. त्या दिवशी गावाहून आणलेले कोकम घालून केलेले बांगड्याचे सालन तळमजल्यावरच्या आजीबाईंकडेही गेले. दोन दिवसांनी डबा परत आला तो भाजलेल्या चेस्टनटांनी भरून.

अब्बांकडे बाहेरची कामे. हलाल मांसाच्या दुकानातला मोरोक्कोचा कसाई आणि कुवेतची अरबी बोलणारे अब्बा यांना एकमेकांचे निम्मे कळत असावे, पण त्या निम्म्यावर दोघांची दोस्ती झाली. जुम्म्याला ते एका साध्या सभागृहात भरणाऱ्या नमाजला जात आणि येताना दोनतीन बांगलादेशी तरुणांशी हिंदीत गप्पा मारत परत येत. यांतल्या काहींचे वडीलही आखातात राबलेले. कोणाची रजा किती दिवसांची, यावर त्यांचे बोलणे रंगे.

पण त्यांचा खरा मुक्काम ट्रामच्या कामाजवळ असे. बोलोन्यात २०२३ पासून नव्या ट्रामचे रूळ टाकण्याचे काम सुरू आहे. इथे एक खास बोलोन्याचा शब्द आहे, 'उमारेल'. हात पाठीमागे बांधून रस्त्याचे खोदकाम तासन्‌तास बघत उभा राहणारा, मधूनच कामगारांना सल्ला देणारा निवृत्त म्हातारा, म्हणजे उमारेल. आठवड्याभरात आमचे अब्बा उमारेल झाले. शेजारी उभ्या असलेल्या दोघा इटालियन आजोबांना ते क्रेनकडे बोट दाखवून काहीतरी समजावत, आणि ते दोघे माना डोलावत. कोण कोणत्या भाषेत बोलत होते हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम होते साडेचारचे. इटलीत शाळेच्या दारात आईबापांइतकेच आजीआजोबा दिसतात. २००५ च्या एका कायद्याने २ ऑक्टोबर हा दिवस इथे आजीआजोबांचा राष्ट्रीय दिवस ठरवला आहे. आपल्याकडे त्या दिवशी गांधीजयंती. मूल दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवायचे तर त्या माणसाचे नाव आणि ओळखपत्राची प्रत शाळेला लेखी द्यावी लागते. आम्ही दोघांच्या पासपोर्टच्या प्रती जोडून अर्ज दिला. त्यातल्या नात्याच्या रकान्यात लिहिले, नोन्नो आणि नोन्ना. या देशातल्या एखाद्या कागदावर ते दोघे 'पाहुणे' म्हणून नव्हे तर 'घरचे' म्हणून नोंदले गेले, ते हेच ठिकाण.

मुलीला आमचे मराठी कळत असे, पण उत्तर ती इटालियनमध्ये देई. आमचे तिच्यावाचून अडत नव्हते, कारण आम्हाला दोन्ही भाषा येतात. दादा-दादींचे अडत होते. शाळेपासून घरापर्यंत वीस मिनिटे पडवीतून चालत यायचे आणि सोबतच्या दोघांनाही इटालियनचे चार शब्द सोडले तर काही येत नाही. ऑक्टोबरात ती एकेक शब्द टाकू लागली. नोव्हेंबरात धुके उतरले तेव्हा एका संध्याकाळी ती घरी येऊन म्हणाली, "दादा रस्ता चुकत होते, मी सांगितलं इकडून नाही, तिकडून." पूर्ण वाक्य, आणि तेही गावच्या हेलात. अम्मा काही न बोलता आत गेल्या आणि तिच्यासाठी घावन टाकायला घेतले.

डिसेंबर जवळ आला तसा ओळखीचे लोक विचारू लागले, आईवडिलांना इथेच का ठेवून घेत नाही? कायदा सोपा नाही. मायदेशी दुसरे अपत्य असेल तर पालकांना कायमचे बोलावता येत नाही. वय ६५ च्या वर असेल आणि त्या अपत्याला गंभीर आजारामुळे सांभाळणे शक्य नसल्याचे कागदोपत्री सिद्ध झाले, तरच वाट उघडते. आमचा धाकटा भाऊ गावी आहे, धडधाकट आहे, अल्हम्दुलिल्लाह. त्याचे धडधाकट असणे हीच आमची अडचण ठरावी, असे म्हणायला जीभ रेटत नाही. आणि अब्बांना विचारले तर ते म्हणाले, "मी बावीस वर्षे परक्या मुलुखात काढून घरी परतलो ते पुन्हा निघण्यासाठी नव्हे. येत जाऊ. पण कबरस्तान आपलेच बरे." अम्मांनी त्यावर त्यांना गप्प केले, पण खोडून काढले नाही.

तेव्हा आमच्या वाट्याला भेटीच आहेत, हे आम्ही दोघांनी मान्य केले आहे. एक वर्ष ते इकडे, एक वर्ष आम्ही तिकडे. आम्ही गावी जाऊ तेव्हाही कोणी आमच्यासाठी गादी घालू नये, असे भावाला आताच सांगून ठेवले आहे. मुलीने दादांबरोबर मशिदीच्या रस्त्याने दुधाला जावे, आम्ही विहिरीचा पंप दुरुस्त करावा, अम्मांना डॉक्टरांकडे न्यावे. मोजक्या दिवसांत एकत्र जगायचे तर कामे एकत्र करण्यावाचून दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही. ज्यांची मुले लांब आहेत त्या वडीलधाऱ्यांनाही आमची एवढीच विनंती आहे. मुलांकडे जाल तेव्हा त्यांच्या सुट्टीत जाऊ नका, त्यांच्या कामाच्या दिवसांत जा, आणि पोचल्यावर काम मागून घ्या.

१२ डिसेंबरला त्यांना विमानतळावर सोडून आलो. शाळेतला तो अर्ज वर्षभरासाठी होता, त्यामुळे त्यांची नावे अजून तिथल्या यादीत आहेत. दर रविवारी फोन येतो. अम्मा जेवणाचे विचारतात, मुलगी मराठीत सांगते, मधेच अडली की अम्मा शब्द पुरवतात. मग अब्बा फोन घेतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रूळ कुठवर आले?" आम्हाला नेमके उत्तर देता यावे म्हणून हल्ली शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघे ट्रामच्या कामाजवळ जाऊन उभे राहतो.